डावीकडचा बैल

“मावशी, बाईमाणसानं औत धरलं की त्या रानातलं पीक जळतं म्हणतात, खरंय का?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो रेश्माचा होता, पण विचारायची हिंमत तिच्यात नव्हती. फाट्यावरून चालत घरी येताना तिनं आणि बाकीच्या पोरींनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. सुकन्या, लंकाबाईला तोंडावर विचारून दाखव, उद्याची भेळ आमच्याकडून! आणि मला कुणी ‘दाखव’ म्हटलं की मग राहवतच नाही. पंधरा ऑगस्टला माईकवर भाषण केल्यापासून माझ्या तोंडावरचं झाकणच उडालंय, असं आई म्हणते.

चालत येत होतो, कारण डिझेल वाढल्यापासून जीपवाला फाट्यावरच आम्हाला उतरवतो. आत गावापर्यंत ये म्हटलं तर भाडं असं सांगतो, जणू पुण्याला नेऊन सोडणार आहे. कुठल्यातरी समुद्रात जहाजं अडकलीत, असं टीव्हीवर सांगत होते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण जहाज तिकडं अडकलं की चपला इकडं शेवगाव तालुक्यात झिजतात, हे मात्र मला त्या महिन्यात पक्कं कळलं.

लंकामावशी तुरीत कोळपं हाणत होती. तण काढायचं, एका बैलाचं छोटं कोळपं. तिचा दुसरा बैल लम्पीच्या साथीत गेला, आमचाही तसाच गेला. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात काहीच नाही. तिचे मालक वारल्यापासून रान ती एकटीच करते. मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो ये म्हणतो, ही जात नाही.

तिनं बैलाला ‘हो हो’ करून थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“जळतं तर!” ती म्हणाली. “मागल्या साली इतकं जळालं, इतकं जळालं, की घरात ठिवायला जागा पुरंना. कोन म्हनतं गं आसं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हंजे, ज्येंच्या ट्रॅक्टरला ह्या साली डिझेल परवडंना, त्ये का?”

मागं पोरी फिसकन हसल्या.

“आन बाईनं ट्रॅक्टरला हात लावला तर काय हुतं? टायर फुटतं?”

“ते... ते कुणी सांगितलं नाही.”

“मग इचारून ये. आन हुब्या काय ऱ्हायल्या गं? दफ्तरं ठिवा बांधावर आन ह्या वळीतलं गवत उपटा. फुकट उत्तर मिळत नसतं.”

आम्ही सगळ्या जणी अंधार पडेपर्यंत गवत उपटत होतो. भेळ राहिली बाजूला. रेश्मा मला शिव्या देत होती आणि मी हसत होते. मला ती बाई भयंकर आवडली.

घरी आले तर अण्णा दारात मोटरसायकल हलवत होते. टाकीला कान लावायचा, गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची आणि आतलं पेट्रोल कुठवर वाजतंय ते ऐकायचं. वैद्य नाडी बघतो तसं.

“हाय का जीव?” आईनं चुलीपुढून विचारलं.

“हाय थोडा. जायापुरता हाय, यायाचं बगू.”

अण्णांना जायचं होतं मच्छिंद्रतात्यांकडं. आमच्या गावात पेरायचे ट्रॅक्टर दोनच, त्यातला चालू एक, तो मच्छिंद्रतात्यांचा. आमच्या दोन एकरात ज्वारी पेरायची होती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि रानाला वाफसा आला होता. म्हणजे माती मुठीत दाबली की गोळा होते आणि बोट लावलं की फुटते, अशी ओल. ती काही फार दिवस टिकत नाही. वरून ऊन ओढतं, खालून भेगा ओढतात. तेवढ्यात पेरलं तर ज्वारी, नाहीतर नुसतं ढेकूळ. आणि ज्वारी नाही म्हणजे वर्षाची भाकरी नाही, आमच्या हरण्या बैलाला कडबा नाही. मग आई-अण्णा कोयता घेऊन टोळीबरोबर संगमनेरकडं उसाला जाणार आणि मी मामाच्या घरी. मागं एकदा तसंच झालं होतं. मामी वाईट नाही, पण तिच्या घरात मी मोठ्यानं बोलले नव्हते.

म्हणून अण्णा रोज तात्यांच्या पायरीपाशी जाऊन उभे राहत होते.

त्या संध्याकाळी मीही गेले मागं. तात्या खाटेवर आडवे होऊन मोबाईल बघत होते. अण्णा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला टेकून उभे. बस कुणी म्हटलं नाही.

“कल्याण, तुझं रान म्हंजे आखूड पट्टी,” तात्या मोबाईलमधून मान न काढता म्हणाले. “पेरायाला कमी आन वळायलाच डिझेल जास्ती. आधी मोठी रानं करतो, मग तुजं बगू.”

“तात्या, वाफसा निघून चाललाय.”

“माझं डिझेलबी निघून चाललंय की! आसं कर, तुजं डिझेल तू आन. टाकीत वत, मी गाडी लावतो.”

अण्णा दुसऱ्या दिवशी पांढरा कॅन घेऊन शेवगावला गेले. उतार आला की गाडी बंद करायची, चढ आला की चालू करायची, असं करत. पंपावर रांग होती. नंबर आला तेव्हा पंपावरच्या माणसानं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये देता येत नाही म्हणून सांगितलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि अण्णा गाडीत पेट्रोलही न घेता बाजूला झाले. येताना वाटेत गाडी बंद पडली. गावातून गाडी ढकलत आले, हँडलला रिकामा कॅन. वाऱ्यानं तो टाकीवर आपटून ढम ढम वाजत होता आणि पारावर बसलेले सगळे ते ऐकत होते.

“काय कल्याणराव, हलगी का काय?” कुणीतरी ओरडलंच.

अण्णा घरात येऊन पाणी प्यायले, आणि तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. माझ्या अण्णांना ट्रॅक्टर चालवताना पाहिलेला माणूस त्यांना विसरत नाही. पूर्वी ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, रिव्हर्समध्ये ट्रॉली अशी लावायचे की लोक बघायला थांबायचे. तो माणूस कॅन धरून रांगेत उभा राहिला होता.

आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “सावड करू.”

“कुनाशी?”

“लंकाबाईशी. तिचा एक बैल हाय, आपला एक हाय. पेरायची पाभर तिच्याकडं हाय. आदी आपलं पेरू, मग तिचं पेरू.”

सावड म्हणजे मजुरी नाही, उसनवारीही नाही. तू माझ्या रानात राबायचं, मी तुझ्या रानात. ट्रॅक्टर आल्यापासून हा शब्द मी फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला होता.

“आन पाभरीचं रुमनं कोन धरनार? लंकाबाई?” अण्णा म्हणाले. “तिच्या हाताखाली मी? गाव काय म्हनंल?”

आईनं भाकरी तव्यात टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. “त्या पायरीपाशी रोज हुबे ऱ्हाता, ती कुनाच्या हाताखाली?”

मला टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. माझी आई एरवी बोलतच नाही. ती कामाचंच बोलते, आणि तेही काम करताना.

शनिवारी सकाळी मी शाळेला दांडी मारली आणि आम्ही हरण्याला घेऊन रानात गेलो. लंकामावशी तिच्या कोशा बैलाला घेऊन आधीच आलेली. आईनं पाभरीला हळद-कुंकू लावलं, अण्णांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं. आणि जू खांद्यावर ठेवायच्या वेळेला भांडण सुरू झालं.

“हरण्या उजवीकडं,” अण्णा म्हणाले.

“कोशा उजवीकडं,” मावशी म्हणाली.

“अवो, आमचा उजवाच हाय! पहिल्यापासून.”

“मग माझा काय कालपासून हाय?”

मला आधी कळेचना. मग आईनं सांगितलं. बैलाला लहानपणी ज्या बाजूला जुंपतात तीच त्याची बाजू. उजवा बैल उजवीकडंच चालतो, वळताना कधी आत दाबायचं न कधी बाहेर पडायचं हे त्याच्या अंगात बसलेलं असतं. आमचे दोघांचे डावे बैल लम्पीत गेले. राहिले ते दोन्ही उजवे. सावड ठरवताना चौघांतल्या एकालाही हे सुचलं नाही! दोन्ही घरं आपापल्या बैलाच्या उजव्या खांद्यावरून हात फिरवत उभी.

शेवटी मावशीनं टॉवेल झटकला. “हे बग कल्यान, रान आज तुजं हाय. ज्याचं रान, त्याचा बैल डावा. परवा माज्या रानात माजा कोशा डावीकडं जुपीन. मंग तर झालं?”

अण्णांनी वेसण धरून हरण्याला पलीकडं फिरवलं.

हरण्याला डावीकडं जुंपलं. पहिल्याच तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्याच ओळीला, त्यानं सगळ्या रानाला कळवलं की हे त्याला मान्य नाही. तो बाहेरच्या बाजूला ओढायचा, कोशा आत दाबायचा, आणि पाभर मधल्यामध्ये लळतलोंबत चालायची. मावशी रुमण्यावर, म्हणजे पाभरीच्या दांड्यावर, अंगाचा सगळा भार टाकून ओरडायची. आई ओटीत बी घेऊन बाजूनं चालत चाड्यात मूठ सोडायची. चाडं म्हणजे पाभरीवरचं लाकडी भांडं, त्यातून नळ्यांनी बी खाली जातं. पाभर कुठंही गेली तरी आईची मूठ सारखी. कालवणात मीठ सोडावं तशी, न बघता.

अण्णा हरण्याच्या पुढं, वेसण धरून. पण अण्णा म्हणजे ट्रॅक्टरचा माणूस. त्यांनी वेसण स्टेअरिंगसारखी ओढली. हरण्यानं दोनदा सहन केलं आणि तिसऱ्यांदा तो खाली बसला. मधोमध, तासात. जू सगळं तिरकं झालं, कोशा मान वाकडी करून उभा.

नेमका तेव्हाच रस्त्यानं मच्छिंद्रतात्यांचा ट्रॅक्टर गेला. वेग कमी झाला.

“कल्याण, तुजं इंजन बसलं का रं?” वरून तात्या ओरडले. “धक्का मारू का?”

आणि मागं रेश्मा! सुट्टीच्या दिवसासारखी बांधावर येऊन उभी, कारण शनिवारची शाळा सकाळीच सुटते. “सुकन्ये, तुमची ज्वारी नागीण डान्स करतीय!” खरंच करत होती. रस्त्याकडची ती पहिली तासं अशी वाकडी गेली की बघवत नव्हतं.

अण्णांचं तोंड काळं पडलं. त्यांनी चाबूक उचलला. आई चाड्यापाशी उभी होती, ती एवढंच म्हणाली, “त्येला मारू नका. वेसन पोरीच्या हातात द्या.”

मी? मी गेले. हरण्याला रोज उरलेली भाकरी मी घालते, एवढीच आमची ओळख. मी त्याच्या नाकापुढं बसले आणि सांगितलं, “हरण्या, ऊठ. रेश्मा बघतीय.” तो लगेच उठला असं काही नाही. आधी माझ्या मनगटावर शेंबडाचा एक लांबलचक पट्टा ओढला. मग शिंगं हलवली, मग मागचे पाय सरळ केले, मग पुढचे.

मी ओढलं नाही. फक्त पुढं चालत राहिले, उलट्या पावली, त्याच्या डोळ्यांपुढं. त्याला बाहेर पडावंसं वाटलं की मी आतल्या बाजूला सरकायचे, तो मला बघायला मान वळवायचा आणि तासात यायचा. वळणावर पंचाईत व्हायची. मग मावशी मागून ओरडायची, “थांब गं, थांब, आता चल, आता!” आणि आम्ही सगळे, चार माणसं, दोन बैल आणि एक पाभर, होडीसारखे वळायचो. (होडीही मी पाहिलेली नाही. पण असंच असेल.)

दिवस कलेपर्यंत माझे पोटरीचे गोळे दगड झाले. ढेकळं टाचेत घुसत होती. शाळेचा पांढरा शर्ट घातला होता तो कुठल्याच रंगाचा राहिला नाही. मावशीच्या तळहाताला फोड आला होता, तिनं त्यावर पदराचं टोक गुंडाळलं आणि परत रुमणं धरलं. एकदा तिचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर पडली. अण्णा पळत गेले.

“आक्का, द्या इकडं. दोन तासं मी मारतो.”

तोवर ते मागं ढेकळं फोडत, आईची ओटी भरून देत फिरत होते. त्यांनी रुमणं धरलं तेव्हा मी वळून बघितलं. आधी पाभर जरा डुलली. मग त्यांनी खांदे सैल केले, आणि तास सरळ गेलं. असं सरळ, की मावशी बांधावर बसल्या बसल्या म्हणाली, “ड्रायव्हर हाय गड्या.”

अण्णा हसले. कॅनच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

रविवारी दिवस मावळायच्या आत आमचं रान संपलं. शेवटची मूठ आईनं मावशीच्या हातून टाकायला लावली. मावशी नको नको म्हणत होती, आईनं तिचा हात धरून चाड्यावर नेला. गावातल्या कुणी बघितलं असेल तर बघू दे. डिझेलचा एक थेंब न लागता दोन एकर पेरून झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कोशा डावीकडं जाणार होता.

बैल धुऊन, गोठ्यात बांधून आम्ही घरी आलो तर मच्छिंद्रतात्या आमच्या ओट्यावर! पायरीवर नाही, ओट्यावर. आईनं चटई टाकली.

“कल्याण, माझा ड्रायव्हर गेला बग पळून,” ते म्हणाले. “मोठी रानं पडलीत. सकाळपासून गाडीवर ये. मजुरी बाकी ठिवनार न्हाई. आन तुझ्या मोटरसायकलला पेट्रोलबी माज्याकडं.”

अण्णांच्या हातांनी आधी उत्तर दिलं. मांडीवर ठेवलेले हात स्टेअरिंग धरल्यासारखे झाले होते. मी पाहिलं.

“उद्या लंकाआक्काची सावड हाय, तात्या.”

“तिचंबी करून देऊ की. शेवटी. दोन एकराला काय लागतंय.”

तात्या चहा पिऊन गेले. आई माझ्या टाचेतलं कुसळ सुईनं काढत होती. कंदिलासारखा पिवळा बल्ब, त्यात तिचे हात दिसत होते. बी सोडून सोडून अंगठ्याच्या आतली बाजू सोलली होती.

“सविता,” अण्णा म्हणाले, “ही मजुरी म्हंजे, समज ज्वारी कमी आली तरी उसाला जायाचं टळंल. पोरीची धावी हाय. मी माज्यासाठी बोलतोय का?”

आईनं सुई केसात खोचली. “तात्याचं शेवटी म्हंजे कवा?”

“आता ते...”

“वाफसा शेवटपतुर थांबतो का?”

“आक्काला मी समजावून सांगतो. ती समजून घील.”

“घील,” आई म्हणाली. “ती समजून घील. रुमनं धरून तिच्या हाताला फोड आला, त्येबी तिनं समजूनच घेतलंय.”

बाहेर गोठ्यात हरण्या खुरानं जमीन उकरत होता. मला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत होती. अण्णा खोटं बोलत नव्हते. ट्रॅक्टरवर बसले की ते वेगळेच दिसतात, मला ते तसेच बघायचेत. आणि आईही खरी होती. मावशीच्या रानात उद्या रुमण्यावर मावशी होती, चाड्यावर आई होती. पण कोशा उजवा बैल. तो पहिल्यांदाच डावीकडं जाणार. त्याच्यापुढं चालायला माणूस नसेल तर तोही बसणार, मधोमध, तासात. आणि मावशी त्याला मारणार नाही, नुसती रुमण्याला धरून उभी राहणार, ऊन वाढत जाणार. मला ते सगळं डोळ्यापुढं दिसलं, आणि माझे दुखरे पाय आपोआप चटईवर सरळ झाले.

उद्या सोमवार. भूमितीची चाचणी. प्रमेयं मला येत होती, सरांना ते माहीत होतं. चाचणी सर परत घेतील, नाही घेतली तर सहामाहीला बघू.

मी उठून उभी राहिले. आईच्या हातातून टाच सुटली.

“अण्णा, तुमी खुशाल जा ट्रॅक्टरवर,” मी म्हणाले. “मावशीच्या सावडीला तुमच्या जागी मी जानार. कोशापुढं मी चालनार, तिचं रान संपंस्तोवर. सरांना मी माजं मी सांगीन. फकस्त सकाळी तात्यांकडं जायच्या आदी हरण्याला मावशीच्या रानात नेऊन सोडा, आन तुमच्या हातानं त्येला उजवीकडं जुपून जा.”